आलं-रोझहिपच्या चहाने घसा खवखवतोय? आल्याला शिव्या घालायच्या आधी गाळणी बघा

घशाला बरं वाटावं म्हणून चहा करायचा आणि तो पिल्यावर घसा आणखीनच खवखवायचा, हा प्रकार आमच्याकडे दोन हिवाळे चालला. दर वेळी आई म्हणायची "अरे आलं जास्त झालं", मग पुढच्या वेळी मी आलं कमी करायचो, तरी तेच, मग अजून कमी, शेवटी आलं इतकं कमी झालं की चहाला आल्याचा फक्त वास यायचा आणि घसा मात्र तसाच टोचायचा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आपण चुकीच्या आरोपीला धरून बसलोय.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर नाशिकमध्ये राहून रोझहिप कुठून आणले असं कुणीतरी विचारणारच. रोझहिप म्हणजे गुलाबाचं फळ. फूल गळून गेल्यावर त्याच्या मागची बोंडी फुगते, लाल होते, ती. आपल्याकडे सह्याद्रीत फिरताना करवंदं मिळतात, तोरणं मिळतात, पण रानगुलाब काही मिळत नाही, तो हिमालयातला गडी. दाजींचं पोस्टिंग लेहला आहे, तिथे साडेतीन हजार मीटरवर शेतांच्या कडेला, दगडी बांधांवर गुलाबी फुलांची काटेरी झुडपं असतात, जून-जुलैत फुलतात आणि सप्टेंबरात लालभडक फळांनी भरून जातात. ताई घरमालकीणबाईंना विचारून त्यांच्या बांधावरची तोडते, अर्धी झुडपावर ठेवते (पक्ष्यांना लागतात), गच्चीवर वाळवते आणि दिवाळीला येताना एक डबा भरून आणते. तिकडची हवा इतकी कोरडी की वाळवायला काही कष्टच नाहीत. कष्ट सगळे इथे नाशिकच्या सिडकोत, आमच्या घरी आल्यावर सुरू होतात.

तर मुद्दा. खवखव दोन प्रकारची असते आणि हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. आल्याचा तिखटपणा कसा असतो, तो तोंडभर पसरतो, जिभेला, टाळूला, घशाला गरम गरम वाटतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतो. आमची जी खवखव होती ती एकाच जागी, जिथे घास गिळतो तिथे, मासा खाताना बारीक काटा अडकल्यासारखी, पाणी पिलं तरी जात नाही, मध खाल्ला तरी जात नाही, आणि मधूनच कोरडा खोकला. तुमचं असं होत असेल तर पुढे वाचा, नुसतं तिखट लागत असेल तर आलं कमी करा आणि विषय संपला.

मी एका रविवारी सरळ तीन कप वेगवेगळे केले. एकात नुसतं आलं, एकात नुसते रोझहिप, एकात दोन्ही. आधी नुसत्या आल्याचा पिला, काही नाही. तासाभराने नुसत्या रोझहिपचा, दोन घोटात टोचायला लागलं. तिसरा पिलाच नाही, गरजच राहिली नाही. मग उरलेला चहा काचेच्या ग्लासात ओतला, घरातले लाइट बंद केले आणि बाजूने मोबाइलचा टॉर्च मारला तर काय, आतमध्ये बारीक बारीक कुसळं तरंगतायत! चमकत होती अक्षरशः. आईला बोलावून दाखवलं तर ती म्हणाली "शी, हे आपण पीत होतो?"

होय, हेच पीत होतो. रोझहिप मधून कापलं की आत पिवळट कडक बिया दिसतात आणि त्या बियांभोवती कापसासारखी लव असते. दिसायला मऊ, पण एकेक केस टोकदार असतो. युरोपातली पोरं ही लव काढून एकमेकांच्या शर्टात टाकतात, खाजवायची पावडर म्हणून, म्हणजे आपली खाजकुयलीच समजा. फरक एवढाच की खाजकुयलीच्या केसांत खाज आणणारं प्रथिनही असतं, इथे नुसतं टोचण्याचं काम आहे, पण घशात टोचायला तेवढं पुरतं. आणि आपली रोजची चहाची गाळणी घ्या, स्टीलची जाळीची असो की प्लास्टिकची, तिच्या भोकांतून हे केस आरामात जातात. गाळणी चहा पावडर अडवायला बनवलेली आहे, तिचा काही दोष नाही.

त्यात मी काय शहाणपणा केला होता, तर फळं लवकर उकळावीत म्हणून मिक्सरला फिरवून ठेवली होती. हे अजिबात करू नका. अख्ख्या फळात लव निदान आत बंद असते, मिक्सरमध्ये फिरवलं की फळ फुटतं, केसांचे तुकडे होतात आणि ते इतके बारीक होतात की पातळ कपड्यातूनही निसटतात. दुसऱ्या वर्षीचा डबा पहिल्या वर्षीपेक्षा जास्त टोचत होता त्याचं कारण हेच, आणि मी बिचाऱ्या आल्याला दोष देत होतो.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे फळं फोडूच नका. अख्खी वाळलेली फळं धुवून तशीच टाका, फुटकी असतील ती बाजूला काढा. वेळ जास्त लागतो, अर्धा तास झाकून ठेवावं लागतं, चव थोडी फिकी येते, पण कुसळांची कटकट बरीच कमी. घाई असेल तर मी अजूनही हेच करतो.

दुसरा उपाय मेहनतीचा. फळ ओलं असतानाच मधून कापायचं आणि छोट्या चमच्याने किंवा चाकूच्या टोकाने बिया-लव सगळं खरवडून टाकायचं. ताईने एकदा केलं, हातमोजे न घालता, मग दोन दिवस बोटं खाजवत होती आणि फोनवर मलाच बोलत होती. लेहकडची फळं लहान असतात, करंगळीच्या पेराएवढी, एकेक साफ करत बसलं तर वाटीभरासाठी दुपार जाते. करायचंच असेल तर कडक फळं घ्या, थंडीत दोन-चार वेळा हिम खाल्लेली फळं गोड होतात हे खरं, पण ती मऊ पडतात आणि कापताना पिचतात.

तिसरा उपाय आमच्या आईचा, आणि मला तोच पटला. वाळलेली फळं खलबत्त्यात जाडसर कुटायची, एकेक फळाचे तीन-चार तुकडे होतील इतपतच, भुगा नाही. मग पिठाच्या चाळणीत घेऊन चाळायचं, लव खाली पडते, वर सालीचे तुकडे आणि बिया राहतात. मग सुपात घेऊन पाखडायचं, जसं आपण तांदूळ पाखडतो. चाळलेलं परत एकदा चाळायचं. हे गच्चीवर करा, तोंडाला मास्क लावून, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. मी पहिल्यांदा हॉलमध्ये पंख्याखाली केलं. पंखा दोनवर होता फक्त. बाबा समोर बनियनवर पेपर वाचत बसले होते, पुढचं काही लिहीत नाही, त्यांनी संध्याकाळपर्यंत दोनदा आंघोळ केली.

पण कितीही चाळलं तरी थोडी लव राहतेच, त्यामुळे गाळण्याला पर्याय नाही. चहा आधी नेहमीच्या गाळणीतून गाळा म्हणजे चोथा जाईल, मग मऊ सुती कापड दोन पदरी करून त्यातून परत. जुन्या धोतराचं फडकं सगळ्यात भारी, पंचा चालेल, पण पंचाची वीण सैल असते म्हणून चार पदरी. कॉफीचा कागदी फिल्टर मिळाला तर उत्तमच, फक्त हळू गळतो. आणि एक युक्ती आहे, दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हा ब्रिटनला बाहेरून संत्री-मोसंबी येणं जवळजवळ बंद झालं होतं, तर तिथल्या सरकारने लोकांकडून, शाळेच्या पोरांकडून कुंपणावरचे रोझहिप गोळा करून घेतले आणि व्हिटॅमिन सी साठी त्याचं सिरप करून लहान मुलांना पाजलं. घरी सिरप करण्याची जी कृती तेव्हा सरकारने दिली होती त्यात सांगितलं होतं की फडक्यातून गळलेला पहिला अर्धा कप परत त्याच फडक्यात ओता, कारण सुरुवातीच्या रसात केस निसटलेले असतात, एकदा चोथ्याचा थर बसला की तोच बारीक गाळणीचं काम करतो. मी करून बघितलं, टॉर्च टेस्टमध्ये फरक स्पष्ट दिसतो. दोनशे प्रयोग करून जे कळलं नसतं ते त्या लोकांनी ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

घसा सुटला, पण बाकीच्या भानगडी पण सांगून टाकतो कारण एक सुटलं की दुसरं सुरू होतं.

दूध. आमच्याकडे चहा म्हणजे दूध असलंच पाहिजे, काळा चहा म्हणजे आजारी माणसाचा. तर आईने एकदा मी बघत नसताना त्यात दूध घातलं आणि क्षणात पनीर. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रोझहिप आंबट आहे, आंबटाने दूध फाटणारच, त्यामुळे या चहात दूध नाही म्हणजे नाही, कितीही प्रेम असलं तरी. पण नुसत्या आल्याच्या चहाचं दूध फाटतं त्याचं कारण वेगळं आहे आणि हा प्रश्न तर घरोघरी आहे, विशेषतः पावसाळ्यात जेव्हा दूध आधीच थोडं उतरलेलं असतं. कच्च्या आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक एन्झाइम असतं, साधारण साठ-पासष्ट डिग्रीच्या आसपास ते जोरात काम करतं. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे याचाच फायदा घेऊन कोमट-गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि दही लागल्यासारखं घट्ट गोड पुडिंग करतात. पण पाणी खळखळून उकळलं की ते एन्झाइम मरतं. म्हणून आलं किसून थेट दुधात टाकायचं नाही, आधी पाण्यात तीन-चार मिनिटं चांगलं उकळू द्यायचं, मग दूध, तेही तापवलेलं. टपरीवाला नेमकं असंच करतो, त्याला एन्झाइम माहीत नसेल पण त्याचा चहा कधी फाटत नाही.

तळाशी पांढरा गाळ बसतो असं पण बरेच जण म्हणतात आणि घाबरून ओतून देतात. तो आल्यातला स्टार्च आहे, बाकी काही नाही. आलं ठेचलं की जास्त गाळ, पातळ चकत्या केल्या की कमी. मात्र तळाशी करकरीत काही लागलं तर ती माती, आलं नीट धुतलं नाही तुम्ही. बुधवारी गंगेवरच्या बाजारात जे आलं मिळतं ते बऱ्याचदा मातीसकटच असतं, बोटांच्या बेचक्यात माती अडकते, तिथून मोडूनच धुवावं लागतं. (बाहेरगावच्यांसाठी, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, उगाच प्रयागराजचं तिकीट काढू नका.)

सुंठ वापरली तर चहा फार जहाल होतो, हे पण खरं आहे आणि भास नाही. ताज्या आल्यात जो तिखट घटक असतो तो वाळताना बदलतो आणि बदललेला घटक मूळच्यापेक्षा जास्त तिखट असतो. त्यामुळे आल्याच्या एका पेराच्या जागी सुंठ पूड पाव चमचासुद्धा पुरते. उलट ओलं आलं खूप वेळ उकळत ठेवलं तर त्याचा झणका कमी होतो. नवीन आलं, ज्याची साल नखाने निघते, ते सौम्य असतं, जुनं रेषाळ झालेलं जास्त तिखट. म्हणजे "एक इंच आलं" या मापाला फारसा अर्थ नाही, हातात घेऊन, मोडून, वास घेऊन ठरवायचं.

रंग. "माझा चहा फोटोतल्यासारखा लाल होत नाही", हे मला ताईच्या जावेने पण विचारलं. नुसत्या रोझहिपचा चहा लाल होतच नाही, फिकट नारिंगी, फार तर गुलाबीसर होतो. पाकिटातला जो लालभडक असतो त्यात बऱ्याचदा हिबिस्कस घातलेलं असतं, आणि ते हिबिस्कस म्हणजे दारातली जास्वंद नाही, तर लाल अंबाडीच्या फुलाखालची मांसल बोंडं. मी एकदा ऑनलाइन "रोझहिप" म्हणून पाकीट मागवलं, मागे बारीक अक्षरात बघितलं तर निम्मी अंबाडी. वाईट नाही, आंबटपणा छान येतो, आणि अंबाडी आपल्याकडेही होते, पण मग लेहपर्यंत जायची गरज काय.

यावरून आठवलं, दारच्या गुलाबाची फळं चालतात का? गुलशनाबाद म्हणायचे एकेकाळी नाशिकला, म्हणजे फुलांचं शहर, तर फळं पण असायला हवीत असं मला वाटायचं. चालतात, म्हणजे गुलाबाचं फळ विषारी नसतं, पण पहिली अडचण म्हणजे आपण फूल खुडतो, देवाला नाहीतर डोक्यात, मग फळ धरणार कसं. आणि भरगच्च पाकळ्यांच्या बऱ्याच जातींना फळ धरतच नाही किंवा धरलं तर एखादं. दुसरी अडचण मोठी. मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊसमधला जो गुलाब होतो तो बाजारात फुलासाठी जातो, खाण्यासाठी नाही, त्यावर कीटकनाशकाच्या, बुरशीनाशकाच्या फवारण्या असतात, त्याची फळं किंवा पाकळ्या चहात घालू नका. नर्सरीतून आणलेल्या कुंडीचं पण तेच, निदान एक हंगाम जाऊ द्या, आणि स्वतः काय फवारलंय ते आठवा. आणि ट्रेकला गेल्यावर लाल दिसलं म्हणून तोडायचं तर मुळीच नाही, गुंज पण लालच असते आणि ती जीवघेणी आहे. गुलाबाच्या फळाच्या टोकाला सुकलेल्या पाच पानांचा तुरा असतो, झाडाला काटे असतात, पान गुलाबाचंच दिसतं. तिन्ही जमत नसेल तर सोडा.

बुरशी. ताईचा डबा लेहमध्ये कुरकुरीत असतो, इथे येऊन जुलै उजाडला की मऊ पडतो. नाशिकचा उन्हाळा वाळवणाला सोन्यासारखा, एप्रिल-मेमध्ये आल्याच्या चकत्या तीन-चार दिवसांत कडकडीत होतात, पण पावसाळ्यात हवा सगळं परत ओलं करते. मी डबा फ्रिजमध्ये ठेवून बघितला, तर बाहेर काढून लगेच उघडला की थंड फळांवर वाफ धरायची आणि अजूनच वाट लागायची. आता छोट्या छोट्या कोरड्या बाटल्यांत भरून ठेवतो, एका वेळी एकच उघडतो, फ्रिजमधली असेल तर बाहेरच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढतो. पांढरा-हिरवा केसाळ ठिपका दिसला किंवा कोंदट वास आला तर अख्खी बाटली फेकायची, वरचा भाग काढून खालचं वापरू हा आमच्या आईचा काटकसरी हिशोब इथे चालत नाही.

भांडं पण बघा. भांडी बाजारातून हौसेने घेतलेली तांब्याची किटली या चहाला नको. एक तर आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत कळकतो हे आज्यांपासून सगळ्यांना माहीत आहे, आणि तांब्याने व्हिटॅमिन सी पण भरभर जातं. स्टील घ्या. तसंही वाळवून, गरम पाण्यात घालून त्यातलं बरंच व्हिटॅमिन आधीच गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यासाठीच पीत असाल तर माझं स्पष्ट मत, हिवाळ्यात आवळे खा, स्वस्त आणि ताजे. रोझहिप चवीसाठी. थोडी चिंच, थोडं सफरचंद, मागे हलका फुलाचा वास, थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की संध्याकाळी बाल्कनीत हा कप हातात धरून बसायला मजा येते.

आता आम्ही कसा करतो ते एकदाच सांगतो. दोन मोठ्या मगांसाठी अर्धा लिटरपेक्षा जरा जास्त पाणी, त्यात बोटाच्या पेराएवढ्या आल्याच्या पातळ चकत्या, झाकण ठेवून मंद गॅसवर दहा मिनिटं. गॅस बंद. दोन मिनिटं थांबून चाळलेले रोझहिप दोन मोठे चमचे टाकायचे, झाकायचं, पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. रोझहिप गॅसवर खळखळा उकळायचे नाहीत, त्याने आंबटपणा बोचरा होतो. मग गाळणी, मग फडकं, पहिला अर्धा कप परत फडक्यात. निवला असेल तर परत गरम करा, पण उकळी नको. गूळ किंवा मध, मध कोमट झाल्यावर, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, चाटणसुद्धा नाही. घरात कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा किडनी स्टोनचा त्रास असेल तर रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि रिकाम्या पोटी नको, आंबट आणि तिखट दोन्ही एकदम, ॲसिडिटीवाल्यांना दिवसभर पुरेल.

फडक्याचं एक राहिलं. गाळताना शेवटचा थेंब निघावा म्हणून फडकं पिळायचं नाही, हात शिवशिवतात पण पिळायचं नाही, पिळलं की अडकलेली सगळी कुसळं दाबून खाली येतात आणि इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात. टांगून ठेवा, गळेल तेवढं गळू द्या. नंतर ते फडकं उलटं करून नळाच्या धारेखाली धुवा, वेगळं वाळवा, बाकीच्या कपड्यांत टाकू नका. आणि त्याच्या कोपऱ्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "चहा" लिहून ठेवा. आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं, आईने पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का त्यातच बांधला.